सासू चांगली हाय माझी

“औषध घेतलं होतं का?” डॉक्टर करकंबकरबाईंनी विचारलं आणि आम्ही चौघंही एका सुरात “नाही” म्हणालो.

आमच्या घरात चार माणसांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचा तो पहिलाच प्रसंग. खाटेवर माझी बायको कौसल्या, हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी. उशाशी माझी आई. पायाशी आईचा भाऊ, भिकूमामा. आणि मी खाटेपासून जरा लांब, कारण बायकांच्या वॉर्डात नवऱ्यानं नेमकं कुठं उभं राहायचं हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं.

“कुठलंच नाही?” बाई म्हणाल्या.

“कुठलंच न्हाई,” मामा म्हणाले. “पायजे तर लिहून देतो.”

“लिहून कशाला देता? मी नुसतं विचारतेय.”

“आमच्यात तसलं काय होतच न्हाई, बाई. घराणं तपासा आमचं.”

बाई मामांकडे बघत राहिल्या. घराणं तपासायचं यंत्र सोलापुरात अजून आलेलं नाही, हे या गृहस्थांना सांगावं की नाही, असा काहीसा त्यांचा चेहरा होता. मग त्यांनी कौसल्येच्या डोळ्याखालची पापणी पुन्हा ओढून पाहिली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मामांना दोष देण्यात अर्थ नाही. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावात एका नव्या सुनेनं औषध घेतलं होतं. आमच्या भागात द्राक्षं होतात, आणि कोणी ‘औषध घेतलं’ म्हटलं की ‘कशावर?’ असं आम्ही विचारत नाही, ‘वाचली का?’ असं विचारतो. फवारणीचा, कवटीचं चित्र असलेला डबा घरोघरी गोठ्यात असतो आणि त्याला औषधच म्हणतात. ती पोरगी वाचली नाही. सासू, सासरा, दीर सगळे आत गेले. मामा ग्रामपंचायतीचे सदस्य असल्यामुळे त्यांना सगळे कायदे ऐकून माहीत होते. कौसल्येला घेऊन आम्ही जीपनं सोलापूरला निघालो, तेव्हा वाटेतच त्यांनी आमचा वर्ग घेतला.

“दवाखान्यात पयला प्रश्न ह्योच येणार,” मामा म्हणाले. “लग्नाला सात वर्सं झाल्याली न्हाईत. ‘औषध’ असा नुसता शब्द निघाला, की डाक्टर आधी पोलिसाला फोन करतो आणि मग सलाईन लावतो.”

“पण आपण कुठं दिलंय औषध?” आई म्हणाली.

“त्येच सांगायचं. न्हाई म्हंजे न्हाई. अडखळायचं न्हाई.”

आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली कौसल्या डोळे न उघडता म्हणाली, “मामा, मी उलटी करू का आता? का त्याचाबी इचार घ्यायचा?”

ती अशीच होती. तेव्हा मी वैरागजवळच्या एका शाळेत मास्तर होतो, रविवारी घरी यायचो, आणि सोलापूरच्या एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहायचो. लोक म्हणायचे, मास्तरांना सुचतं कसं. मला सुचत नव्हतं. मी रविवारी स्वयंपाकघरात बसून ऐकायचो आणि सोमवारी लिहून काढायचो.

दवाखाना एका ट्रस्टचा होता. नाव सांगत नाही, ट्रस्टींची नातवंडं अजून हिंडतीफिरती आहेत. डॉक्टर करकंबकरबाई तिथं लिव्हरच्या तज्ज्ञ होत्या. वय चाळिशीच्या आत, बोलणं पुण्याचं, चाल लष्करातली. औषधांनीच माणसाचं लिव्हर कसं खराब होतं, हा त्यांचा संशोधनाचा विषय. दवाखान्यातले बाकीचे डॉक्टर त्यावरून त्यांची चेष्टा करत. “बाई, जग दारूनं लिव्हर खराब करून घेतंय आणि तुम्ही आमच्याच चिठ्ठ्यांमागे लागलात,” असं एक डॉक्टर व्हरांड्यात माझ्यासमोर त्यांना म्हणाले. बाई म्हणाल्या, “दारू पिणारा काय प्यायला ते सांगतो तरी.”

दुसऱ्या दिवशी कौसल्येचे रक्ताचे रिपोर्ट आले. साधी कावीळ उतरणीला लागायला हवी होती, ती चढतच होती. बाईंनी मला आणि मामांना वॉर्डाबाहेर काढलं. आईलाही पाणी आणायला पाठवलं. पण त्या दवाखान्याच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, नुसते गज होते, आणि मी गजाला टेकूनच उभा होतो.

“हे बघ, आता इथं कोणी नाही,” बाई म्हणाल्या. “मी पोलिसात जाणार नाही की घरच्यांना सांगणार नाही. खरं सांग. औषध घेतलं होतंस?”

कौसल्या हसल्याचा आवाज आला.

“न्हाई ओ बाई. मी कशाला औषध घीन? सासू चांगली हाय माझी.”

बाहेर आल्यावर बाई माझ्यापाशी थांबल्या. “तुम्ही मास्तर ना? तुमच्या बायकोला मी औषधाचं विचारलं, तर ती म्हणते सासू चांगली आहे. याचा अर्थ काय?”

“चांगलीच आहे,” मी म्हणालो. “दोघींचं एवढं जमतं की मला घरात पाहुण्यासारखं वाटतं.”

बाईंनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. जिन्यावरून उतरतानाही त्या पुटपुटत होत्या. सासूचा काय संबंध, असं काहीतरी.

तो संबंध त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी शोधला. राउंडच्या कितीतरी आधी, वॉर्डात चहाची किटली फिरत असताना, त्या एकट्याच आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. मी माझ्या गजांपाशी होतो. आई कौसल्येला पाठीला हात देऊन बसवत होती. बशीत चहा ओतला, फुंकला. मग कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि तिच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. एक लाल, दोन पांढऱ्या.

“आत्याबाई, आज नको. तोंडात कडू हुतंय.”

“कडू होऊ दे. एक दिस चुकवायचा न्हाई म्हनलेत.”

बाई धावल्या नाहीत. त्या चालतच खाटेपर्यंत आल्या आणि कौसल्येच्या हातातून त्या तीन गोळ्या उचलल्या.

“हे काय आहे?”

“गोळ्या,” आई म्हणाली.

“कुणी दिल्या?”

“सरकारी हायत. आमच्या आरोग्य केंद्रातल्या. खोकला होता न्हवं हिला? छातीवर डाग निघाला. म्हनले रोज घ्यायच्या, एक दिस चुकला तर खोकला उलटंल. तवापास्नं मीच देते, रोज, माझ्या हातानं.”

“इथं आल्यावरही?”

“म्हंजे काय? हितं आलो म्हणून का खोकल्याला सुट्टी हाय?”

खोकल्याच्या गोळ्या चालू होत्या हे मलाही माहीत होतं. खोकला गेला होता, मग गोळ्याही गेल्या असतील असं मी धरून चाललो होतो. छातीवरच्या डागाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मास्तर रविवारचा येतो, त्याला कशाला घोर लावायचा, असं दोघींनी ठरवलेलं.

“नर्सनी विचारलं नाही?” बाईंनी विचारलं.

“त्या म्हनल्या, घ्या, गोळ्या घ्या, लवकर बऱ्या व्हाल. त्यास्नी वाटलं तुमच्याच हायत.”

“अहो, पण मी तुम्हाला विचारलं. दोनदा विचारलं. औषध घेतलं का. तुम्ही सगळे नाही म्हणालात.”

आईनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “औषध न्हाईच घेतलं, बाई. ह्या गोळ्या हायत. औषध म्हंजे…” तिनं हातानं पंप मारल्यासारखं केलं. “फवारायचं.”

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, असा त्यांचाच नियम होता. मुठीतल्या गोळ्यांचा लाल रंग घामानं त्यांच्या तळहाताला लागला होता.

गोळ्या त्याच क्षणी बंद झाल्या. दुपारी बाईंनी आईला खालच्या दुकानातून ग्लुकोज आणायला पाठवलं आणि आम्हा दोघा नवरा-बायकोला नीट समजावून सांगितलं. क्षयावर त्या गोळ्या चांगल्याच आहेत, लाखो माणसं त्यांनी बरी होतात. एखाद्याच्या लिव्हरला त्या सोसत नाहीत. डोळे पिवळे झाले त्या दिवशी थांबवायला हव्या होत्या. थांबवायच्या असतात हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि चालू आहेत हे मला कोणी सांगितलं नाही. आता लिव्हर सावरतं का, याची वाट बघायची.

ते सावरलं नाही. कौसल्येला आधी झोप चढायला लागली. मग ती मला ‘गुर्जी’ म्हणायला लागली, कारण मी तिला शाळेतला मास्तर वाटत होतो. तिनं मला दोनचा पाढा म्हणून दाखवला, दोन साते सोळा म्हणाली, आणि मी ते बरोबर धरलं. नंतर ती बोललीच नाही.

त्या दिवसांत आई व्हरांड्यात बाईंना गाठून विचारत होती.

“गोळ्या कधी चालू करणार?”

“आत्ता नाही, आजी.”

“खोकला उलटंल तिचा. आमच्या केंद्रातल्या डाक्टरनी शप्पत घालून सांगितलंय.”

“बघते मी.”

“तुमी बघताय आणि ती जातीय.”

ती गेली तेव्हा आई रडली नाही. वॉर्डातल्या सगळ्या बायकांसमोर ती बाईंसमोर उभी राहिली. “गोळ्या मी एक दिस चुकू दिल्या न्हाईत,” ती म्हणाली. “तुमी बंद केल्या. माझी सून तुमी मारली.”

बाईंच्या शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर होते. त्यातला एक काहीतरी खुलासा करायला पुढं सरला, तर बाईंनी त्याच्या कोटाची बाही धरून त्याला मागं ओढलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आईला म्हणाल्या, “हो आजी. माझं चुकलं.”

मामा लगेच म्हणाले, “हे लिहून द्या.” मी मामांना धरून बाहेर नेलं.

आईनं ते वाक्य गावी आणलं आणि सांभाळलं. सोलापूरच्या करकंबकर डॉक्टरणीनं गोळ्या बंद करून आमची सून मारली, हे आमच्या पंचक्रोशीत पोरासोरांना पाठ झालं. आमच्या बाजूचे पेशंट त्यांच्याकडे जाईनात. कोणाला सोलापूरला न्यायची वेळ आली, की आई जीपपाशी जाऊन बजावून यायची, त्या बाईच्या हातात देऊ नका. मी तिच्या मागे उभा असायचो. शब्दांवर माझं पोट होतं. राज्यातल्या मंत्र्यांची वाक्यं मी दर आठवड्याला दुरुस्त करून छापत होतो. हे एक वाक्य मी हातात घेतलं नाही.

मी पुन्हा लग्न केलं नाही. आईनं मुली पाहिल्या, पण विनोदी लेखक म्हटल्यावर त्यांचे वडीलच हसायचे.

बाई तिकडे त्याच एका कामाला लागल्या होत्या. गावोगावच्या कावीळ झालेल्या पेशंटांच्या घरी जाऊन त्या चौकशी करत. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांना ‘औषध’ हा शब्द तोंडातून काढायची बंदी होती. पेशंटला विचारायचं ते असं: सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत पोटात काय काय जातं? पाणी धरून सांगा. मग गोळ्या निघत, पुड्या निघत, काढे निघत, शेजारणीनं दिलेलं निघे. त्यांचे निबंध बाहेरदेशी वाचले गेले म्हणतात. मला त्यातलं कळत नाही. आमच्या जिल्ह्यापुरतं एवढं झालं, की क्षयाच्या गोळ्या देताना दोन गोष्टी सांगायच्या, असं त्यांनी केंद्राकेंद्रांत जाऊन, भांडून, लोकांना पढवलं. एक, दिवस चुकवू नका. दोन, डोळे पिवळे दिसले तर मात्र तिथल्या तिथं थांबवा आणि दवाखाना गाठा. दुसरी गोष्ट पहिलीइतक्याच मोठ्यानं सांगायची, असा त्यांचा हट्ट.

चांगल्या कामाची एक अडचण असते. ते पसरतं, आणि पसरताना कोणाचं घर चुकवायचं हे त्याला समजत नाही.

शेजारच्या लिंबाजीच्या सुनेला क्षयाच्या गोळ्या चालू झाल्या, तेव्हा मी निवृत्त होऊन गावी राहायला आलो होतो. आरोग्य केंद्राची आशाताई गोळ्या घेऊन आली. आई म्हातारी झाली होती, पण लिंबाजीच्या ओसरीवर काही चाललंय आणि आई तिथं नाही, असं होत नसे. मी आमच्या दारात पेपर वाचत होतो. मधे फक्त बोळ.

“आणि हे बघा,” आशाताई म्हणाली, “मळमळ झाली, डोळे पिवळे दिसले, की गोळी तिथंच थांबवायची. त्याच्यापुढं एकसुद्धा द्यायची नाही.”

“थांबवायची?” आईचा आवाज आला.

“हो आजी.”

“आन न्हाई थांबवली तर? दिली कुणी रोज, नेमानं?”

“तर लिव्हर जातं, आजी. माणूस दगावतं. म्हणून तर सांगत फिरायचं आम्ही.”

मी पेपर खाली ठेवला नाही. आई बोळ ओलांडून आली, माझ्यासमोरून आत गेली. तिनं स्वयंपाक केला, मला वाढलं, स्वतः जेवली. भांडी पालथी घालून झाल्यावर म्हणाली, “मला सोलापूरला ने. त्या बाईकडं.”

“कशाला आता?”

“ने म्हनलं तर न्यावं.”

बाईही तोवर निवृत्त झाल्या होत्या. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे, चाल अजून लष्करातलीच.

“मी कौसल्येची सासू,” आई म्हणाली.

“ओळखलं. या.”

त्यांनी चहा केला. आईनं कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

“मी तुमाला लई शिव्या दिल्या.”

“पोचत होत्या,” बाई म्हणाल्या. “तुमच्या भागातून क्वचित कोणी यायचं, ते आधी त्या सांगायचं आणि मग पोटात दुखतंय म्हणायचं.”

आई हसली नाही. “त्या गोळ्यांनीच गेली ना ती?”

“हो.”

“मी दिल्याल्या.”

“केंद्रातून दिलेल्या. तुम्ही सांगितलं तसं केलंत. चूक असेल तर विचारणाऱ्याची. मी औषध म्हणाले, गोळ्या म्हणायला हवं होतं.”

“त्ये तुमचं तुमी बघा,” आई म्हणाली. “मला एकच सांगा. तिला ठावं होतं का? कशानं चाललीय, कुणाच्या हातानं?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

त्या दुपारी, आई ग्लुकोज आणायला गेलेली असताना, कौसल्येनं बाईंचं सगळं बोलणं डोळे मिटून ऐकून घेतलं होतं. मग बाईंचं मनगट धरलं. “आत्याबाईंस्नी सांगू नगा,” ती म्हणाली. “त्यास्नी एवढंच नीट जमलं असं वाटतंय, रोजच्या रोज गोळ्या देणं. कळलं तर त्या जगायच्या न्हाईत. काय बी सांगा. तुमच्यावर घ्या.” बाईंनी हो म्हटलं. मग ती माझ्याकडे वळली. “आणि तुमी तर सोमवारी बसून लिहू नगा हे.”

मी लिहिलं नाही. आता आईही नाही, म्हणून हे.

“नाही,” बाई आईला म्हणाल्या. “तिला काहीच कळलं नव्हतं. ती झोपेतच होती तेव्हा.”

आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. आईनं गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला, कप खाली ठेवला आणि उठली.

स्टँडवर गावाकडची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर आई म्हणाली, “बाईला खोटं बोलायची सवय न्हाई.”

मी समोरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचू लागलो.

“तिनंच बजावलं असंल तुमाला. आत्याला सांगू नगा म्हणून.”

“आई…”

“गप. एवढी वर्सं गप बसलास ते बरं केलंस. आता कशाला तोंड उघडतोस?”

त्या विषयावर ती माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. पण गावात कोणाला सोलापूरला न्यायची वेळ आली, की ती काठी टेकत जीपपाशी जायची आणि सांगायची, त्या करकंबकर बाईला विचारा, अजून घरी बघत असंल तर. लोक चक्रावायचे. आजी, तुम्हीच तर म्हणायचा, तिनं तुमची सून मारली.

“न्हाई,” आई म्हणायची. “लई गुणाची बाई. माझ्या सुनेचं ऐकलं तिनं.”